सुपरहिरोंची भाऊबंदकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी राजेंद्र नगरातल्या आमच्या घरी कॉमिक्सची पत्र्याची ट्रंक उघडते. पोहे होईपर्यंत आणि पोहे संपल्यावर, ज्याला जे हवं ते त्यानं ओट्यावर बसून वाचावं, असा रिवाज आहे. येणाऱ्यांत आठवीतला पुतण्या आहे, बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका आहेत, आणि ग्वाल्हेरहून इंदूरचा जावई झालेला एक मित्र आहे, त्याचं पुढे येईलच. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच : एका संघातली ही माणसं एकमेकांना इतकं पाण्यात का पाहतात? सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. गोष्टींचे शेवट जागोजागी फुटणार आहेत. नंतर कुरकुर करू नये.

काका, क्रॉसओव्हर म्हणजे नक्की काय?

एरवी आपापल्या मासिकात नांदणारी पात्रं एका मोठ्या गोष्टीसाठी एकत्र आणतात, तो क्रॉसओव्हर. मुख्य मालिका पाच-सात किंवा बारा अंकांची, आणि तिचे फाटे बाकीच्या मासिकांत पसरलेले. लग्नघर डोळ्यांपुढे आण. वर्षभर दिवाळीच्या फोनपुरते संबंध ठेवणारे चुलत-मावस एका मांडवात येतात, आणि दुसऱ्या पंगतीपर्यंत तेरा वर्षांपूर्वी आहेर कोणी परत पाठवला होता ते निघतं.

खलनायक संपले की काय, म्हणून आता आपसात मारामाऱ्या?

खपतात म्हणून काढतात, हे आधी कबूल करू. दोन लाडक्या पात्रांना मुखपृष्ठावर एकमेकांच्या अंगावर घातलं की अंक हातोहात जातो.

पण सगळेच टिकत नाहीत. माझा ठोकताळा असा : ज्यात भांडणाचं आजचं निमित्त एक आणि पोटातलं कारण दुसरं असतं, तोच क्रॉसओव्हर दुसऱ्यांदा वाचवतो. निमित्त एखादा कायदा असेल, एखादी मुलगी असेल. पोटातलं कारण मात्र पंधरा-वीस वर्षं जुन्या अंकात असतं आणि ते छापलेलं असतं. घरच्या भांडणात 'तू तेव्हा असं म्हणाली होतीस' याला पुरावा नसतो. इथे अंक क्रमांक सांगता येतो.

सिव्हिल वॉरमध्ये तर सरळ कायद्यावरून वाद आहे. त्यात जुनी खुन्नस कुठे आली?

वरवर कायदाच. लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हनची, २००६-०७ मधले सात अंक. कनेक्टिकट राज्यातल्या स्टॅमफर्डमध्ये न्यू वॉरियर्स नावाची पोरं टीव्हीच्या रिॲलिटी शोसाठी चित्रीकरण करत गुंडांवर धाड घालतात. त्यातला नायट्रो हा स्वतःचाच स्फोट करणारा गडी. जवळच शाळा. सहाशेच्या वर माणसं जातात. मग सरकार कायदा आणतं : अंगात शक्ती असेल त्यानं खरं नाव नोंदवायचं आणि सरकारच्या हाताखाली काम करायचं. आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन अमेरिका म्हणजे स्टीव्ह रॉजर्स विरुद्ध.

आता ट्रंकेच्या तळाचा १९८७-८८ चा गठ्ठा काढा. आयर्न मॅनचे अंक २२५ ते २३२, ज्यांना आज 'आर्मर वॉर्स' म्हणतात. टोनीचं तंत्रज्ञान चोरीला जाऊन बाजारात विकलं गेलेलं असतं. ते ज्याच्या अंगावर दिसेल त्याचं चिलखत निकामी करत तो सुटतो, मग समोर गुंड असो की सरकारी पहारेकरी. व्हॉल्ट नावाच्या तुरुंगातल्या पहारेकऱ्यांवर तो चाल करून जातो तेव्हा स्टीव्ह आडवा येतो, आणि टोनी त्यालाच आडवा करतो.

यातली ढालीची बाब बारकाईनं बघा. त्या काळात स्टीव्हनं सरकारशी बिनसल्यामुळे कॅप्टन अमेरिका हे नाव आणि मूळ ढाल दोन्ही सोडलेलं होतं. हातातली नवी ढाल त्याला टोनीनंच करून दिलेली. या प्रकारानंतर स्टीव्ह ती परत करतो. वर मी आहेराची गोष्ट उगाच काढली नव्हती. दिलेली वस्तू परत करणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं देणाऱ्याला वाटतं.

पुढे १९९२ मध्ये 'ऑपरेशन गॅलेक्टिक स्टॉर्म' ही एकोणीस भागांची लांबण येते. परग्रहावरच्या क्री साम्राज्याचा कारभार चालवणाऱ्या सुप्रीम इंटेलिजन्सला मारायचं की नाही, यावर ॲव्हेंजर्समध्ये, म्हणजे टोनी आणि स्टीव्हच्या संघात, फूट पडते. स्टीव्ह संघाचा प्रमुख, तो नको म्हणतो. टोनी आणि आणखी काही जण त्याला न जुमानता जातात आणि ॲव्हेंजर्सच्या ३४७ व्या अंकात सुप्रीम इंटेलिजन्सला संपवतात.

म्हणजे २००६ मध्ये हे दोघं कायद्याचा कागद घेऊन समोरासमोर आले तेव्हा एकाच्या मनात होतं 'हा कोणाचं ऐकत नाही', आणि दुसऱ्याच्या मनात होतं 'याला नेहमी आपणच बरोबर वाटतो'. दोघांचंही खरं. हे मी माझ्या पदरचं जोडतोय असं वाटत असेल तर त्याच मालिकेच्या जोडीला निघालेला 'कॅज्युअल्टीज ऑफ वॉर' हा सुटा अंक वाचा. क्रिस्टोस गेजनं लिहिलाय. ॲव्हेंजर्सच्या पडक्या वाड्यात दोघं समेटासाठी भेटतात, कायद्यावर चार वाक्यं होतात, आणि मग व्हॉल्ट निघतं, टोनीची दारू निघते, एकेक उणंदुणं निघत जातं. शेवटी हातघाई. मुख्य सातही अंकांपेक्षा मला हा एक अंक सरस वाटतो. मारामारी मॅकनिव्हननं देखणी काढलीय यात वाद नाही, पण भांडण इथे आहे.

शेवट विचारता म्हणून : सातव्या अंकात स्टीव्ह टोनीवर अखेरचा घाव घालणार, तोच साधी माणसं त्याच्यावर झेप घेऊन त्याला मागे ओढतात. आजूबाजूचा उद्ध्वस्त रस्ता बघून तो मुखवटा काढतो आणि हात पुढे करतो. २००७ मध्ये त्याच्या मासिकाच्या २५ व्या अंकात कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला गोळ्या लागतात.

पण सिनेमात तर टोनीच्या आई-वडिलांच्या खुनावरून फाटतं ना?

सिनेमात, हो. २०१६ च्या चित्रपटात स्टीव्हचा जुना मित्र बकी यानं १९९१ साली हा खून केल्याचं उघड होतं आणि स्टीव्हला ते ठाऊक असतं. कॉमिकमधल्या भांडणाचं हे कारण नाही. अडीच तासांत वीस वर्षांची अढी दाखवता येत नाही, म्हणून एकच जालीम कारण शोधलं. ठीक आहे. पण शेवटी टोनी म्हणतो की ढाल माझ्या वडिलांनी केलीय, आणि स्टीव्ह ती तिथेच टाकून निघून जातो. ते बघताना मी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं होतं. त्याला कळलं नाही. १९८८ चा गठ्ठा वाचलेल्याला कळेल.

थॉर कोणाच्या बाजूनं होता?

कोणाच्याच नाही, तो त्या वेळी जिवंतच नव्हता. टोनीच्या गटानं त्याची नक्कल तयार केली. कशावरून? ॲव्हेंजर्सच्या अगदी पहिल्या बैठकीत टोनीनं थॉरचा एक केस उचलून ठेवला होता. पहिला अंक १९६३ चा. म्हणजे ज्या दिवशी मैत्री जुळली त्याच दिवशी एकानं दुसऱ्याचा केस जपून ठेवला. मला तर हे सगळ्या मालिकेतलं सर्वांत अंगावर येणारं वाटतं, स्टॅमफर्डपेक्षाही.

चौथ्या अंकात ही नक्कल गोलायथला, म्हणजे अंग वाढवू शकणाऱ्या बिल फॉस्टरला, विजेनं आरपार मारते. तो वाढलेल्या आकारातच मरतो, त्याला पुन्हा लहान करता येत नाही, आणि तेवढ्या प्रेतासाठी एका कबरीची जागा पुरत नाही. खरा थॉर २००७ मध्ये परततो. त्याच्या नव्या मासिकाच्या तिसऱ्याच अंकात न्यू ऑर्लिन्समध्ये टोनी त्याला भेटतो, तोही नोंदणीची गोष्ट काढून. पुढची पानं थॉरच्या बाजूनं वाचावीत. माझी तरी तशीच वाचून होतात.

कॅरल डॅनव्हर्स ॲव्हेंजर्सवर का चिडलेली असते?

या पानावरचं सर्वांत रास्त गाऱ्हाणं हेच. १९८० साली ॲव्हेंजर्सचा २०० वा अंक आला. त्यात कॅरल, म्हणजे संघातली मिस मार्व्हल, अचानक गरोदर राहते, दिवसांत बाळंत होते, ते मूल तासांत वाढून मार्कस नावाचा पुरुष होतं, आणि त्यानंच तिला यंत्रांच्या जोरावर भुरळ घातली होती हे तो स्वतःच्या तोंडानं सांगतो. एवढं ऐकूनही संघ तिला त्याच्याबरोबर निरोप देतो. लेकीला सासरी पाठवावं तसा.

दुसऱ्याच वर्षी ख्रिस क्लेअरमाँटनं ॲव्हेंजर्सच्या वार्षिक अंक १० मध्ये याचा जाब घेतला. त्या अंकात रोग ही नवी पोरगी कॅरलच्या शक्ती आणि आठवणी शोषून घेते. (देवनागरीत हे नाव वाचताना पुतण्या दर वेळी हसतो. हसू दे, सुरुवातीला ती होतीच तशी.) एक्स-मेन या संघाचा संस्थापक प्रोफेसर एक्स आठवणी परत मिळवून देतो, पण त्यांच्यामागची माया परत येत नाही. शेवटच्या पानांत ॲव्हेंजर्स तिला भेटायला येतात, हसतमुख. आणि ती त्यांना एकेका शब्दानं सोलते : मी अडचणीत होते, आणि तुमच्यापैकी एकालाही शंका आली नाही.

इथे खुन्नस एका लेखकाची दुसऱ्या लेखकाच्या अंकाशी आहे, आणि ती पात्राच्या तोंडून बोलते. म्हणूनच धार आहे. रोग पुढे १९८३ मध्ये एक्स-मेनमध्ये दाखल होते. कॅरल तिला बघते आणि बोलत बसत नाही, एका ठोशात आभाळात भिरकावते. आमच्या काकू कॉमिक्सला हात लावत नाहीत, पण हा प्रसंग ऐकून म्हणाल्या, "बरं केलं बाईनं."

ॲव्हेंजर्समधल्या हँक पिमनं बायकोला मारलं होतं, ते अजून का काढतात?

कारण मारलं होतं. ॲव्हेंजर्स २१३, साल १९८१. लेखक जिम शूटर यांनी नंतर सांगितलं की त्यांना हात झटकताना चुकून लागलेला हवा होता, चित्रात ती सणसणीत थप्पड झाली. एका चौकटीपायी हा माणूस चाळीस वर्षं तोंड लपवत फिरतोय. मला त्याची दया येत नाही.

बॅटमॅनला आपल्याच माणसांचा एवढा संशय का?

दोन टप्प्यांत आहे, आणि टप्पे उलटे छापलेत.

आधी २००० साल, जस्टिस लीग या त्याच्या संघाचे अंक ४३ ते ४६, लेखक मार्क वेड. बॅटमॅननं प्रत्येक साथीदाराला कसं लोळवायचं याची बाडं तयार ठेवलेली असतात, ती त्याचा शत्रू रास अल घूलच्या हाती लागतात. ॲक्वामॅनला पाण्याचीच भीती बसते, सुपरमॅनची कातडी काचेसारखी पारदर्शक होते. संकट टळल्यावर लीग मतदान घेऊन बॅटमॅनला बाहेर काढते. वाचक तेव्हा लीगच्या बाजूनं होते.

मग २००४ मध्ये ब्रॅड मेल्टझरची 'आयडेंटिटी क्रायसिस' आली, सात अंक. तीत कळलं की बऱ्याच वर्षांपूर्वी डॉक्टर लाइट या खलनायकानं स्यू डिब्नी या साथीदाराच्या बायकोवर अत्याचार केला होता, आणि लीगमधल्या काहींनी झटानाच्या जादूनं त्याचं डोकंच बदलून टाकलं होतं. तिथेही मतदान झालं होतं, तीन विरुद्ध तीन, आणि फ्लॅशच्या मतानं कौल लागला. ऐन वेळी बॅटमॅन येऊन पोचतो. तो विरोध करणार हे दिसताच त्याच्याही डोक्यातून ती दहा मिनिटं पुसून टाकतात. आपल्याच माणसानं, आपल्याच माणसाच्या.

ही आठवण जागी झाल्यावर त्यानं सगळ्यांवर पाळत ठेवणारा उपग्रह बनवला, तोही शत्रूच्या हाती गेला. २००५ मध्ये वंडर वुमननं त्या शत्रूची, मॅक्सवेल लॉर्डची, मान मोडली. 'इन्फिनिट क्रायसिस'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन तिघं उद्ध्वस्त तळावर उभे राहून एकमेकांना टोचून बोलतात. ते पान मी दोनदा वाचतो, मग पुढे जातो.

माझी अडचण एवढीच की स्मृती पुसल्याची गोष्ट २००० सालच्या आधी घडली, पण लिहिली चार वर्षांनी. बँकवाले काका याला मागची तारीख घातलेलं व्हाउचर म्हणतात. हिशेब जुळतो, पण सही आज केलीय हे कळतं. ढालीच्या परतफेडीत जो खरा काळ गेलाय तो इथे नाही. तरीही बॅटमॅनचा स्वभाव यातून इतका नीट उलगडतो की मी व्हाउचर पास करतो.

ॲव्हेंजर्स विरुद्ध एक्स-मेनमध्ये चूक कोणाची?

एक्स-मेनचा म्होरक्या सायक्लॉप्स याची म्हणणारे आणि त्याची नाही म्हणणारे, असे आमच्या ओट्यावर दोन पक्ष आहेत. बारा अंक, २०१२. निमित्त होप नावाची मुलगी आणि तिच्याकडे झेपावत येणारी फिनिक्स शक्ती. पोटातली कारणं दोन. २००५ च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये स्कार्लेट विचनं तीन शब्द उच्चारून जगातल्या जवळजवळ सगळ्या म्युटंटांच्या (जन्मजात शक्ती असलेली माणसं, एक्स-मेन त्यातलेच) शक्ती घालवल्या, ती ॲव्हेंजर होती, आणि ॲव्हेंजर्सनी तिच्याबद्दल म्युटंटांना कधी धड उत्तर दिलं नाही. दुसरं, २०११ मध्येच सायक्लॉप्स आणि वुल्व्हरीन लहान मुलांना लढाईत उतरवण्यावरून वेगळे झालेले. त्यामुळे वुल्व्हरीन ॲव्हेंजर्सकडून उभा राहतो ते तत्त्वासाठी किती आणि वचपा म्हणून किती, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. अकराव्या अंकात सायक्लॉप्सच्या हातून प्रोफेसर एक्स मरतो. त्या पानावर दोन्ही पक्ष गप्प असतात.

आणि हल्क?

टोनी, रीड रिचर्ड्स, डॉक्टर स्ट्रेंज आणि ब्लॅक बोल्टनं त्याला फसवून अंतराळात पाठवलं. २००७ मध्ये तो परत आला. पाच अंक. यात समजावण्यासारखं काही नाही, तो चौघांच्या नावानिशी येतो.

आपल्याकडे असं काही आहे का?

हा प्रश्न इंदुरात बसून विचारू नये. ग्वाल्हेरहून आलेला जावई लगेच सरसावून बसतो.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेला. मल्हाररावांना सूरजमल जाटाचा सूड हवा होता, जयाप्पा शिंद्यांनी तहाला वाट करून दिली. दोघं पेशव्यांचे सरदार, एका मोहिमेतले. अढी बसली ती पुढच्या पिढ्यांनी चालवली. १७९३ मध्ये लाखेरीला दोन्ही फौजा समोरासमोर लढल्या, होळकर हरले. १८०१ हे साल तर अंकामागून अंक : एप्रिलमध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं, जुलैत भाऊ यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांची पलटणं कापली, ऑक्टोबरात शिंद्यांच्या वतीनं सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांची एकत्र फौज मोडली, आणि पेशवा वसईला जाऊन इंग्रजांच्या ओटीत बसला. पुढच्या सप्टेंबरात असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत होते तेव्हा होळकर बाजूला होते. १८०४ मध्ये होळकर लढायला उभे राहिले तेव्हा शिंद्यांचा तह होऊन गेलेला.

ओट्यावर जावई 'लाखेरी' म्हणाला की आम्ही 'हडपसर' म्हणतो. पुतण्याला वाटतं आम्ही अंकांची नावं घेतोय.

आजोबा विचारतात : वेताळाला कसे असले साथीदार नव्हते?

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघालं, मराठीतूनही, आणि आजोबांचा जीव अजून त्यातच आहे. वेताळाकडे, म्हणजे फँटमकडे, एक घोडा आणि एक लांडगा. घोडा डूख धरत नाही. राज कॉमिक्समध्ये नागराज आणि ध्रुव एकत्र यायचे तेव्हा आधी गैरसमजातून दोन हात व्हायचे, मग दोस्ती. गैरसमज मिटतो. आपण इथे न मिटणाऱ्या गोष्टींबद्दल बोलतोय, आजोबा.

दोन वेगळ्या कंपन्यांचे हिरो भिडतात, तिथे जुनी अढी कशी असेल?

तिथे कंपन्यांची असते. डीसी कंपनीची जस्टिस लीग आणि मार्व्हल कंपनीचे ॲव्हेंजर्स यांचा एकत्र अंक ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ठरला होता, जॉर्ज पेरेझनं एकवीस पानं काढूनही झाली होती, आणि दोन्हीकडच्या संपादकांचं कथानकावरून जुळेना म्हणून १९८३ मध्ये काम थांबलं. तो कर्ट ब्युसिकच्या लेखणीतून, पेरेझच्याच हातानं, २००३-०४ मध्ये चार अंकांत आला. त्यात सुपरमॅन आणि कॅप्टन अमेरिका पहिल्या भेटीतच एकमेकांवर उखडतात. एकाला वाटतं यांनी आपल्या जगासाठी पुरेसं केलं नाही, दुसऱ्याला वाटतं यांनी स्वतःचे देव करून घेतलेत.

सुरुवात कुठून करावी?

मोठ्या क्रॉसओव्हरपासून नको. आधी वार्षिक अंक १०, मग आर्मर वॉर्स, मग सिव्हिल वॉर आणि त्याच्या मध्येच 'कॅज्युअल्टीज ऑफ वॉर'. माझा वार्षिक अंक खजुरी बाजारात रद्दीच्या ढिगाऱ्यातून आलेला आहे, मुखपृष्ठ गेलेलं, पहिल्या पानावर कोणीतरी बेरीज केलेली. शेवटची पानं शाबूत आहेत, काम तिथेच आहे.

अंक घरी न्यायला मिळतात का?

पूर्वी मिळायचे. मग शाळेपासूनच्या एका मित्रानं, नाव घेत नाही, सिव्हिल वॉरचा चौथा अंक दोन दिवसांसाठी नेला. अकरा महिन्यांनी परत आला. गोलायथच्या पानावर शेवेच्या तेलाचा अंगठा, गोल, रेषांसकट. मी विचारलं तर म्हणाला, आधीचाच असेल. त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही. आता बोलतो. दर रविवारी येतो, पोह्यांवर जीरावण मागून घेतो, कॅप्टनच्या बाजूनं तावातावानं भांडतो. चौथा अंक हवा असला तर त्याला इथेच बसून वाचावा लागतो, हात धुऊन. पान उलटायला मी असतो.